गंजलेली पट्टी

पोरांनो, मोबाइल उलटे ठेवा आणि ऐका. बोर्लीचा विनेश, गॅरेजसमोर राहतो तो, त्याच्याच बाबतीत घडलंय हे. गेल्या डिसेंबरची तेरा तारीख, शनिवार.

विनेश आईला, नीराबाईला, आणायला डोंगरातल्या वाडीत गेला होता. तिची थोरली बहीण काशी तळा गावच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती. नीराबाईला तिच्याशी दोन शब्द बोलायचे होते, बस. डांबरी रस्ता खचलेला, म्हणून खिंडीतली दगडाधोंड्यांची वाट. सव्वासातला दोघं मोटरसायकलवर निघाली.

निघाल्यापासून नीराबाईचं एकच. "विन्या, पाय लोंबतात रे. ती पट्टी उघड की!"

बायका एका बाजूला बसल्या की पाय ठेवायला मागच्या चाकाच्या जाळीखाली पट्टी असते ना, ती याच्या गाडीला गंजून वर चिकटलेली. तेल सोडलं, हातोडीनं ठोकली, मेकॅनिकनंही हात टेकले.

"न्हाय उघडत आई! कितीदा सांगू?"

"काशीबी हेच बोलायची तुला."

विनेशचं डोकं फिरलं. चाक दगडावरून घसरतंय, मावशीचा नेम नाही, आणि हिला पट्टी सुचते!

उभ्या चढाला दोघांना घेऊन गाडी चढेना. त्यानं आईला उतरवलं. "टॉर्च घे, हळू ये. मी वर थांबतो." गाडी रेटत तो खिंडीत पोचला आणि इंजिन चालू ठेवून, पुढं बघत चरफडत बसला. आठला पाच कमी होते.

मागची सीट दबली. खांद्यावर हात आला.

"बसलीस?"

सुटलो बाबा, एकदाची गप्प झाली, म्हणत त्यानं गाडी सोडली. एक वळण. दुसरं वळण.

आणि वरून, खिंडीतून, हाक आली.

"विन्याऽऽ... मला टाकून कुठं चाललास?"

त्यानं ब्रेक दाबला.

आई वर होती.

खांद्यावरचा हात... तसाच. गार.

मान वळेना. मागं श्वास नाही... नुसतं वजन...

दुसरा कुणी गाडी टाकून पळाला असता. पण हा आधीच वैतागलेला, तो फुटलाच. "उतरा! माझी मावशी मरायला टेकल्ये तिकडं, आन तुमचं काय मधीच? उतरा आधी!"

हात सुटला. सीट वर आली.

त्यानं गाडी वळवली, वर जाऊन आईला घेतलं. तिला एक अक्षर सांगितलं नाही. दवाखान्यात पोचले तर नर्स म्हणाली, "मघाशी आठच्या सुमाराला गेल्याच होत्या हो या. परत कशा श्वास घ्यायला लागल्या, देव जाणे."

काशीनं डोळे उघडले. बहिणीचा हात धरला. मग विनेशकडं बघून पुटपुटली, "केवढ्यानं वरडलास रे... उतरले ना मी."

दोघी बहिणी पहाटेपर्यंत बोलत होत्या. पहाटे काशी गेली. मावशीवर ओरडलो म्हणून विनेश लहान पोरासारखा रडला.

बाहेर आल्यावर नीराबाई डोळे पुसत म्हणाली, "बरं केलंस पट्टी उघडलीस ते. सगळा उतार पाय टेकून आले मी."

विनेशनं खाली बघितलं. पट्टी सरळ, उघडी. त्यानं मिटायला जोर लावला, मिटेना. अजून तशीच आहे. जा, बघून या.