अंतर शून्य धरावे

नागपूर ते ऑकलंड हे अंतर सुमारे बारा हजार किलोमीटर. मृदुला वैरागडेच्या झेपयानाने ते अठ्ठेचाळीस मिनिटांवर आणलं. यान वातावरणाबाहेर फेकलं जाई आणि भिरकावलेल्या दगडासारखं पलीकडे उतरे. माणसाला तो दाब सोसत नसे. म्हणून त्यातून फक्त अवयव जात.

शरीराबाहेर काढलेलं हृदय चार तास टिकतं. पूर्वी चार तासांत जिथवर पोहोचेल तिथवरच ते दिलं जाई, आणि त्या लहानशा वर्तुळात जो सर्वांत जास्त दिवस थांबला असेल त्याचा नंबर आधी लागे. आता जगातलं कुठलंही मोठं शहर तासाभरावर आलं होतं. मृदुलानेच अवयववाटपाच्या जागतिक परिषदेला लिहून दिलं : अंतर शून्य धरावे, जो अधिक आजारी, तो आधी.

ठराव झाला त्याच आठवड्यात हृदयशल्यविशारद डॉ. नसरीन काझी तिच्या प्रयोगशाळेत आल्या. मृदुलाचा नवरा हेरंब सात महिने त्यांच्या वॉर्डात पडून होता.

"हेरंबचा नंबर पहिला होता," काझी म्हणाल्या. "आता चार हजारांच्या पुढे गेलाय."

"पण हृदयंही जगभरातून येतील ना?"

"वर्तुळ वाढलं की हृदयं वाढतात, तशी रांगही वाढते. वर यायचं तर त्याला आणखी आजारी पडावं लागेल. आणि तेवढा आजारी झाला, तर ऑपरेशन सोसणार नाही तो."

पंधरा दिवसांनी, दुपारी, त्याच इस्पितळात अपघातातला एक तरुण मेंदूमृत ठरला. रक्तगट, बांधा, सगळं हेरंबशी जुळत होतं. हृदय त्याच्या खाटेपासून एका मजल्याच्या अंतरावर होतं, आणि निघालं होतं ऑकलंडच्या एका शिक्षिकेकडे.

उड्डाणाची परवानगी मृदुलाने द्यायची होती. तिने हिशेब मांडला. यान दोन तास अडलं तर ऑकलंड हातचं जाईल. उडणारंच काही नाही, म्हणजे रस्त्याने पोहोचता येईल तेवढंच जग उरेल, आणि त्यात हेरंबचा नंबर पहिला.

तिने इंधनझडपेत बिघाड असल्याची नोंद केली.

"मॅडम, झडप तर ठीक दाखवून राहिली," समोरचा तंत्रज्ञ म्हणाला.

"मी सांगते ना, थांबवा."

सव्वादोन तासांनी काझींचा फोन आला. "हृदय परत आलंय. लगेच बसवतोय."

"हेरंबला आत घेतलं?"

"हेरंबला नाही, वॉर्डातल्या लांजेवारांना. नागपुरात जुळणारे दोघंच होते. जुन्या नियमाने हेरंबचा नंबर होता. नव्या नियमाने जो जास्त आजारी, तो आधी."

मृदुलाने विचारलं, "आणि ऑकलंड?"

"यान येणारच म्हणून त्यांनी बाईची छाती उघडून ठेवली होती. गेली ती टेबलावरच." काझींनी पुढे विचारलं. "मृदुलाताई, झडपेला झालं तरी काय होतं?"

"बघते," म्हणत तिने फोन ठेवला.

संध्याकाळी ती वॉर्डात गेली. हेरंब उशीला टेकून बसला होता. हृदय ऑकलंडच्या शिक्षिकेला जाणार, एवढंच त्याला ठाऊक होतं; पुढचं कुणी सांगितलं नव्हतं.

"सुटलं का यान वेळेवर?"

"सुटलं."

"बरं झालं. बाई वाचली, आणि आपल्या पुढचा एक कमी झाला." तो हसला, तेवढ्यानेही त्याला धाप लागली.

मृदुलाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. एक नव्हे, दोन कमी झाले होते.