अकरावी फेरी

ही गोष्ट खरी आहे. पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त एक क्रोशाचा रुमाल आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आणि हो, हे रात्री घडलं नाही. मे महिन्याची अकरा तारीख. दुपारचे सव्वादोन. दुसरबीडमधलं माझं दोन खोल्यांचं घर.

मी पुष्पांजली. यजमान जाऊन चार वर्षं झाली. मुलगा पुण्यात. दुपार खायला उठते, म्हणून क्रोशाकाम करते.

आमचा अकरा बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कुणी आजीच्या पोलक्याची जुनी लेस टाकतं, कुणी दोऱ्याचे नंबर विचारतं. त्यात सगळ्यांत जाणत्या साखरखेर्ड्याच्या महामायाताई. निवृत्त नर्स. दवाखान्यातल्या एका सिस्टरने दिलेली लेसची लाकडी रिळं त्यांनी जपून ठेवली होती. पहिली सुई मात्र त्यांनी छत्रीची काडी घासून केलेली. आणि आमच्यात डावऱ्या त्या एकट्याच.

डोणगावच्या चांगुणाने एक टूम काढली. एकच गोल रुमाल अकरा घरी फिरवायचा. प्रत्येकीने एक फेरी विणायची, शेवटचा टाका सेफ्टी पिनेत अडकवायचा आणि पुढे धाडायचा. शेवटची, अकरावी फेरी महामायाताईंची.

दहावी माझी होती.

तीन दिवसांत झाली. पण मी तो पाच आठवडे ठेवला.

का? रुमाल घरात होता तोवर रोज कुणीतरी फोन करायचं, कुठवर आलं विचारायचं. तो गेला की फोन बंद. मला ठाऊक होतं. मग मी चक्क खोटं बोलले. चाळीस नंबरचा दोरा संपला म्हणाले.

महामायाताईंचा फोन आला. "पुष्पा, काऊन ठेवून राह्यली वं? मले पाठोव ना. माह्या डोयाईचं काही खरं नाही आता."

त्यांना दिसेनासं होत चाललं होतं, तरी मी म्हणाले, "उद्या पक्कं, ताई."

साखरखेर्डा तासाभराच्या वाटेवर. मी गेले नाही.

नऊ तारखेला त्यांच्या भाच्याचा, देवानंदचा, मेसेज आला. आत्या गेल्या.

शरमेने मी मातीलाही गेले नाही.

अकरा तारखेला दुपारी लाइट गेली. शेजारची गिरणी बंद पडली. पंखा थांबला. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आणि आतल्या खोलीतून आवाज आला...

खर्र...

खर्र... खर्र...

विणणाऱ्या बायकांना हा आवाज लगेच कळेल. दोऱ्याची गुंडी लोळू नये म्हणून आम्ही ती स्टीलच्या वाटीत ठेवतो. दोरा ओढला की गुंडी वाटीत फिरते.

उंदीर असेल म्हणून उठले. दारात पोचले आणि...

गुंडी नुकतीच थांबत होती.

खोलीत कुणी नव्हतं. सेफ्टी पिन निघालेली, नीट मिटवून बाजूला ठेवलेली. रुमालाच्या कडेला सात नवे खांब, म्हणजे उभे टाके.

सुई तर माझ्या पोलक्याला खोचलेली होती.

खांब मोजून झाले आणि मग माझ्या लक्षात आलं... फेरी उलट्या अंगाने निघाली होती.

डाव्या हाताची वीण.

मी ओरडले नाही. भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वादोनला... खर्र.

आत गेलं की थांबायचं. म्हणून मी दाराबाहेर पाट टाकून बसायला लागले. बोलायला लागले. भाजी काय केली, गुडघा कसा दुखतो, सगळं. आतून दोरा सरकत राहायचा. खरं सांगते, चार वर्षांत इतकं कुणी माझं ऐकलं नव्हतं.

फेरी मात्र पुढे जात होती.

एका सकाळी पाहिलं, चार बोटं उरली होती. आज पुरी होणार. मग पुन्हा तीच रिकामी दुपार. भुताची नाही, मला तिची भीती वाटली.

मी वीतभर उसवलं.

दुपारी आवाज आला. तेवढीच वीत विणली गेली. दुसऱ्या सकाळी मी पुन्हा उसवलं.

असे दिवस गेले. मग खांब चुकायला लागले. एक घर सोडलेलं, दुसऱ्यात दोनदा सुई घातलेली, दोरा मधोमध चिरलेला. ज्या बाईचा टाका कधी चुकला नाही, तिची वीण आता चाचपडत केल्यासारखी दिसत होती.

आवाजही लवकर सुरू व्हायला लागला. आधी बाराला. मग सकाळीच. दिवेलागणीपर्यंत थांबायचं नाव नाही.

परवा देवानंदचा फोन आला. "मावशी, तो रुमाल तुमच्यापाशीच हाये का? आत्या शेवटपर्यंत इचारत होत्या. म्हणे, माही फेरी झाली का मी मोकयी."

मी हो म्हटलं. घेऊन जा म्हटलं. मनाशी ठरवलं, आता हात लावायचा नाही.

काल संध्याकाळी फक्त एक खांब उरला होता. एक खांब आणि जोड.

आज पहाटे मी रुमाल मांडीवर घेऊन बसले. नुसता बघायला, असं स्वतःला सांगितलं.

आणि दोन विती उसवल्या.

उजाडताच आतून आवाज सुरू झाला. सावकाश. खर्र...

मग थांबला. आजवर मी आत गेल्याशिवाय तो असा मध्येच कधी थांबला नव्हता.

आणि त्या शांततेत... कुणीतरी नाक ओढलं. रडू आवरताना ओढतात तसं.

आत जावं, उसवलेलं स्वतः विणून तो शेवटचा खांब घालून द्यावा, सोडून द्यावं त्यांना. सगळं कळत होतं.

खर्र... पुन्हा सुरू झालं.

मी पाट दाराजवळ ओढला आणि काल वरण कसं करपलं ते ताईंना सांगायला लागले.