पंप कुठेय?

"माझ्या हातून सासू मेली," चपला काढायच्या आधीच त्या बाईने सांगून टाकलं. "कशी, तेवढं मला शोधून द्या."

भाऊजींचा चहा बशीत सांडला. वहिनींनी मात्र शांतपणे खुर्ची पुढे सरकवली.

वहिनी पूर्वी एका विमा कंपनीत खोटे दावे पकडायच्या. नोकरी सुटली, पण खोड सुटली नाही. आता लोक आपली गुंतागुंत घेऊन घरीच येतात. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. भावाच्या माघारी वहिनींना सोबत म्हणून राहायला आले आणि मदतनीस होऊन बसले. मनाने सोन्यासारखा माणूस, डोक्याने जरा पॅसेंजर गाडी.

"सासूबाईंना दमा होता," बाई सांगू लागली. "निळा पंप कायम हॉलमध्ये, त्यांच्या खुर्चीच्या हाताला कापडी पिशवी अडकवलेली असायची, त्यात. त्या दिवशी जेवणाआधी मीच त्यांना पंप दिला आणि परत पिशवीत ठेवला. आधी याची खात्री होती. आता नुसतं वाटतं."

"का?" वहिनींनी विचारलं.

"सगळे म्हणतात, तूच कुठेतरी ठेवलास. संध्याकाळी त्यांचा श्वास कोंडला, तेव्हा पिशवी रिकामी होती. सासरे धावत मेडिकलमध्ये गेले. मी गाद्या उलटल्या, डबे ओतले. यांना ऑफिसात फोन लावला, ओरडून विचारलं, पंप कुठेय? हे म्हणाले, तुझ्याच ताब्यात असतो, नीट शोध. मी शोधत राहिले. सासरे परत आले तेव्हा सगळं संपलं होतं."

तिचा आवाज चिरकला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. भाऊजींना ते फार विचित्र वाटलं.

"उद्या वकिलाकडे सह्या आहेत," ती म्हणाली. "घटस्फोट. मुलगी यांच्याकडे राहणार. सहा वर्षांची आहे. हे म्हणतात, जिला एक पंप सांभाळता आला नाही, तिच्या हाती पोर कशी द्यायची? मलाही ते पटतं."

"पटतं, तर इथे कशाला आलीस?"

"पंप अजून सापडला नाही म्हणून. मी कुठेतरी ठेवला असता, तर एव्हाना सापडायला नको होता का? घर नुसतं चिडीचूप झालंय. सासूबाईंचा खोकला नाही, कॉम्प्युटरची घरघर नाही, पोरगीसुद्धा कुजबुजत बोलते. त्या शांततेत मी अजून शोधतेच आहे."

वहिनी उठल्या. "भाऊजी, चपला घाला."

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. हॉलमध्ये सासूची खुर्ची तशीच होती, रिकामी पिशवीही तशीच लोंबत होती. खुर्चीला लागून टेबल, टेबलावर कॉम्प्युटरची आडवी, पसरट पेटी आणि पेटीच्या डोक्यावर स्क्रीन. समोर बाईचा धाकटा दीर बसला होता. घरांचे नकाशे काढून देणं हा त्याचा धंदा.

"मेला परत लटकला!" त्याने टेबलावर मूठ आपटली. "सुरू होतो, जरा चालतो आणि थिजतो. माउस हलत नाही, काही नाही."

"केव्हापासून?" वहिनींनी विचारलं.

"आई गेली त्याच दिवसापासून. सकाळी ठणठणीत होता. जेवणानंतर गिऱ्हाइकाशी मीटिंग होती, तिच्यात पहिल्यांदा लटकला. म्हणून मी मित्राकडे काम करायला गेलो. नाहीतर घरातच असतो." त्याने खुर्चीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "व्हायरस शोधले, विंडोज नव्याने टाकलं. फरक शून्य."

"पेटी उघडून पाहिलीत?"

"दुकानाचं सील आहे. बाबा म्हणाले, तोडू नकोस, वॉरंटी जाईल, दुकानातच देऊ. पण माझे नकाशे आत अडकलेत. जेवढा वेळ चालतो तेवढ्यात एकेक बाहेर काढतोय. ते झाल्याशिवाय मी पेटी हलू देत नाही."

भाऊजींच्या अंगात संचारलं. कॉम्प्युटर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांच्या हातून आजवर एकही दुरुस्त झाला नव्हता, तो भाग वेगळा. "बघू दे मला," म्हणत त्यांनी खुर्ची बळकावली.

वहिनी आत सासऱ्यांकडे गेल्या. म्हातारा खिडकीशी बसला होता, दाढीचे खुंट वाढलेले.

"तुमच्या पत्नीचं कुणाशी वाकडं होतं?"

"तोंडाने फटकळ होती, पण वाकडं कुणाशी नाही. थोरल्याशी तेवढे खटके उडायचे. त्याला सून नकोशी झालीय. दुसरीकडे कुठेतरी मन गुंतलंय म्हणे. ही त्याला स्वच्छ सांगायची, तिला या घरातून काढायचं असेल, तर आधी मला काढ." म्हाताऱ्याने नाक पुसलं. "आता तीच गेली. सुनेच्या बाजूने बोलणारं कोण उरलंय? मी कधी कुणापुढे तोंड उघडलं नाही."

"कॉम्प्युटरचं सील तोडू नको असं तुम्ही सांगितलंत?"

"मला त्यातलं काय कळतंय? थोरला म्हणाला, वॉरंटी जाईल, मी दुकानात नेतो. तेच मी धाकट्याला सांगितलं. गेल्या खेपेलाही दुरुस्तीहून थोरल्यानेच आणला होता. सीडी घालायचा खण दुकानदाराने काढून टाकला आणि त्या भोकावर नुसतं प्लास्टिकचं झाकण बसवलं. वाटेत तेही निघालं. घरी येईस्तोवर थोरला त्या दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत होता."

तेवढ्यात थोरला ऑफिसातून आला. इस्त्रीचा शर्ट, तोंडावर आठ्या. वहिनींना पाहून त्याने बायकोकडे असा कटाक्ष टाकला, की ती भिंतीला टेकली.

"त्या दिवशी तुम्ही घरी होतात?"

"ऑफिस जवळ आहे, रोज जेवायला येतो. जेवलो आणि गेलो. ही मुलीला शाळेतून आणायला गेली होती. बाबा आत पडले होते, आई स्वयंपाकघरात होती, धाकटा हात धूत होता. आणखी काही?"

"बायकोचा फोन आला तेव्हा काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मी ऑफिसात. तिचं काम, तिची जबाबदारी."

"कॉम्प्युटर सारखा लटकतोय म्हणे."

"ते धाकट्याचं खातं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्या पेटीला मी कधी बोटसुद्धा लावलेलं नाही."

वहिनी हॉलमध्ये परतल्या. भाऊजी घामाघूम झाले होते.

"वहिनी, याची तऱ्हाच न्यारी! पहिल्यांदा लावला तेव्हा माझा चहा पिऊन होईपर्यंत चालला. लटकल्यावर लगेच लावला, तर घोटभरही नाही. मग थोडा वेळ बंद ठेवला, तर परत शहाण्यासारखा चालायला लागला. आणि विंडोज यायच्या आधी सेटिंगची पाटी असते ना, तिथे नुसता उभा ठेवला, तरी लटकला. माणसासारखा रुसतो हो."

"रुसत नाही, भाऊजी. तापतो." वहिनींचा चेहरा एकदम उतरला. "सगळ्यांना इथे बोलवा. धाकटे, तुमच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर असेल तर आणा."

सगळे जमले. मुलगी शेजारी खेळायला गेली होती, ते एक बरं झालं.

"हिने पंप हरवला, असं सगळे धरून चाललात," वहिनी म्हणाल्या. "हरवलेली वस्तू कधीतरी सापडते. लपवलेली सापडत नाही. मग मी विचार केला, या घरात त्या दिवशी आणखी काय बिघडलं? कॉम्प्युटर. सकाळी धड, जेवणानंतर बिघडलेला. पंपही जेवणाआधी जागेवर आणि संध्याकाळी नाही."

"काहीतरीच!" थोरला म्हणाला.

"विंडोज बदलून फरक पडला नाही. विंडोज सुरू होण्याआधीच्या पाटीवरही तो लटकतो. म्हणजे दोष आतल्या माहितीत नाही, यंत्रात आहे. थंड असताना जास्त चालतो, तापलेला लगेच थिजतो. म्हणजे त्याला वारा मिळत नाही. आणि तुमची बायको मला सकाळीच म्हणाली, की कॉम्प्युटरची घरघर बंद झालीय. घरघर कसली असते, भाऊजी?"

"पंख्याची," भाऊजी म्हणाले आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"पंख्यावर काहीतरी पडून तो अडकलाय. सील शाबूत आहे, म्हणजे ती वस्तू वरून गेली नाही. समोर एक भोक आहे, त्यावर सैल झाकण आहे. ते सैल आहे हे कुणाला ठाऊक होतं? ज्याने पेटी दुकानातून आणली आणि वाटेत ज्याच्या हातात झाकण आलं, त्याला. तो माणूस मघाशी मला म्हणाला, की या पेटीला मी कधी बोटसुद्धा लावलेलं नाही."

धाकट्याने मान वळवून भावाकडे पाहिलं.

"मी धाकट्यांवरही संशय घेतला होता. पण आपल्याच पोटावर पाय कोण देईल? आणि आत काय आहे ते माहीत असताना दिवसरात्र दुरुस्तीची खटपट कोण करील? बाबांनी सील तोडू दिलं नाही खरं, पण शब्द त्यांचे नव्हते. ज्याला ओ की ठो कळत नाही, त्याला वॉरंटीची एवढी काळजी कशी?"

वहिनींनी स्क्रू-ड्रायव्हर धाकट्याच्या हातात दिला. "तोडा."

"वॉरंटी—" थोरला पुढे झाला.

"बस खाली!" म्हातारा ओरडला. त्याचा असा आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता.

स्क्रीन उतरली, सील फाटलं, झाकण वर आलं. पंख्याच्या पात्यांत निळा पंप आडवा अडकून पडला होता. सासूच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर.

"काखेत कळसा..." भाऊजी बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. थट्टेची म्हण होती, पण कुणाला हसू येणं शक्य नव्हतं.

थोरला मटकन बसला. "मला आईला मारायचं नव्हतं. शपथ! ही निष्काळजी आहे, एवढंच आईला दाखवायचं होतं. पंप हिच्या कपाटात ठेवायला निघालो, तर हा हात पुसत आला. हातातला पंप दिसला असता. समोर पेटीचं ते सैल झाकण होतं, ते काढून आत सरकवला. संध्याकाळी काढणारच होतो. पण तो आत घरंगळला होता, ते मला माहीत नव्हतं."

"मानलं," वहिनी म्हणाल्या. "इथवर तो तुमचा नीच डाव होता, पण खून नव्हता. मग हिचा फोन आला. तुमची आई घुसमटत होती आणि ही तुम्हालाच विचारत होती, पंप कुठेय. तुम्हाला उत्तर माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पंप कॉम्प्युटरच्या पेटीत आहे, पेटी उघड. तुमची आई आज या खुर्चीत असती. तुम्ही काय म्हणालात?"

थोरल्याने तोंड झाकून घेतलं.

"नीट शोध," बायको पुटपुटली. "असं म्हणाले."

"मी सांगितलं असतं तर तो तिथे कसा गेला, ते सगळ्यांना कळलं असतं," तो हातांच्या आडून बोलला. "वाटलं, अजून वेळ आहे. तिला नेहमीच धाप लागायची."

म्हातारा उठला, भिंतीला धरत फोनपाशी गेला आणि पोलिसांचा नंबर लावू लागला. धाकटा "बाबा" एवढंच म्हणाला, पण त्याने अडवलं नाही.

सून अजून उभीच होती. वहिनींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या कुठेही सही करायची नाही. पोर तुझी आहे, तुझ्याकडेच राहील. ऐकलंस ना?"

तिने मान हलवली. मग गुडघे दुमडून ती जमिनीवर बसली आणि मोठ्याने रडायला लागली. सासरे फोनवर पत्ता सांगता सांगता थांबले. भाऊजी गोंधळले. त्यांना वाटलं, सुटकेचं रडू असेल. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"राहू द्या, भाऊजी," वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. "इतके दिवस तिला वाटत होतं, आपण सासूला मारलं. मारणाऱ्याला रडायचा हक्क कुठला? आज कुठे तिची सासू गेली."

ती "आई, आई" म्हणून हाका मारत होती.