मानीबाईचा डावा डोळा

कापसाचा वेचा सुरू झाला की डॉक्टर उर्वशीच्या पुसदच्या दवाखान्यात डोळ्याला काडी लागलेली माणसं येऊ लागतात. त्या नोव्हेंबरात लालसिंगनं तांड्यावरून बायकोला आणलं, तेही त्याच कारणानं. मानीबाईच्या डाव्या डोळ्यात पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, वाळकी काडी घुसली होती. पाच दिवस तिनं मेडिकलमधले थेंब घातले. आता पापणी टरारून सुजली होती आणि बुबुळाच्या खालच्या काठाशी पिवळट पू साचला होता. त्या डोळ्याला फक्त टॉर्चचा उजेड कळत होता.

"जंतू डोळ्याच्या आत शिरलेत," उर्वशी म्हणाली. "डोळा म्हणजे बंद खोली. पोटात घेतलेलं औषध तिथं धड पोचत नाही, सुईनं आतच सोडावं लागतं. त्यानं भागलं नाही तर मोठ्या ऑपरेशनला नागपूर."

"नागपूर नका सांगू मॅडम," लालसिंग म्हणाला. "इथंच करा."

उर्वशीनं डोळा बधिर करून आतलं थेंबभर पाणी काढलं. सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर बुरशीचे धागे दिसले. तिनं बुरशीचं औषध आत सोडलं आणि मानीबाईला भरती करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा मानीबाईनं उजवा डोळा हातानं झाकला.

"एक म्हातारा दिसून राह्यला," ती म्हणाली.

उर्वशीला नवल वाटलं नाही. नजर गेली की मेंदू स्वतःच चित्रं काढतो, हे ती शिकली होती आणि तिनं पाहिलंही होतं. तिनं तसं समजावून सांगितलं. मानीबाईनं नकारार्थी मान हलवली.

"सारं धुकट हाय. तो भिताड धरून चालते. हाका मारते कोनाले तरी. कपिल, कपिल म्हन्ते."

उर्वशीच्या हातातला कापूस तसाच राहिला.

कपिल आपल्या बापाला, डोमाजीला, आर्णीहून घेऊन आला होता, सप्टेंबरात. असाच डोळा, पण फार उशीर झालेला. बुबुळ विरघळलं होतं. डोळा काढून टाकण्यावाचून इलाज नव्हता, आणि तो उर्वशीनंच काढला. जखम छान भरली. पण तपासणीला आला तेव्हा कपिल म्हणाला होता, "मॅडम, बाबा घरी आले, पन घरात नाहीत. बसवलं तिथं बसते. बोलतच नाही." वयामुळे होतं असं, उर्वशीनं सांगितलं होतं.

मानीबाईनं डोमाजीला कधी पाहिलेलं असणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या सुईनंतर पू उतरू लागला. उर्वशीला हायसं वाटायला हवं होतं. मानीबाई मात्र दिवसेंदिवस खचत गेली. डोळा जसजसा निवळत होता, तसतसा म्हातारा जवळ येत होता.

"त्याचा डोया कुठी गेला मॅडम?" तिनं एकदा विचारलं. "म्हन्ते, ज्या दारानं मी आलतो, ते दारच नाई राह्यलं."

उर्वशीनं सुईत औषध भरायला घेतलं.

"मीबी त्याच खोलीत हाय; माहा डोया साफ झाला का मी भाईर येईन. मंग तो? आजच्या दिस सुई नका देऊ."

"सुई चुकली तर डोळा जाईल."

"जाऊ द्या."

लालसिंगनं तिला गप्प केलं. तिसरी सुई ठरल्या वेळी दिली गेली. उर्वशीचा हात स्थिर होता. सुई आत असतानाच चादरीखालून मानीबाईचा उजवा हात वर आला. बोटं हवेत चाचपडली आणि मिटली.

"धरला," ती पुटपुटली.

महिन्याभरानं ती तपासणीला आली तेव्हा डोळा स्वच्छ होता. तक्त्यावरच्या खुणांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत, हे तिनं पाचव्या ओळीपर्यंत बरोबर दाखवलं. डाव्या हातानं.

"उजव्या हातानं कामच करत नाई," लालसिंग म्हणाला. "भाकरबी डाव्यानं थापते."

उर्वशीनं तो हात पाहिला. नाडी ठीक, ताकद ठीक. बोटं अर्धवट मिटलेली, आतला तळवा गार. तिनं बोटं उघडायला हलकेच ओढली.

"ओढू नका मॅडम," मानीबाई हळूच म्हणाली. "म्हातारा मानूस हाय. पडन."

ती दोघं खाली उतरल्यावर उर्वशीनं कपिलला फोन लावला.

"बरं झालं तुम्ही फोन केला," कपिलचा आवाज खुशीत होता. "बाबा उठले मॅडम! महिना होत आला. जेवते, अंगनात फिरते. फक्त डावा हात समोर धरून ठेवते, कोनी धरून नेल्यावानी."

उर्वशी खिडकीपाशी गेली. खाली मानीबाई रस्त्याच्या कडेला पोचली होती. ट्रक येत होता. ती थांबली.

"आताबी फिरून राह्यले," कपिल सांगत होता. "थांबले."

ट्रक गेला.

"निघाले."

मानीबाईनं रस्ता ओलांडला. सावकाश, उजवा हात किंचित मागे ठेवून. पलीकडे बस उभी होती. लालसिंग आधी चढला. मानीबाईनं मागे वळून पाहिलं, आणि मग पाय उचलला.

"मॅडम," कपिल म्हणाला, "बाबा पाय काहून उचलून राह्यले? तिथं तर पायरी नाई."