अबोल्यातलं ताट

हे खरं आहे. आणि अजून संपलेलं नाही.

ज्याच्यावर गुदरलं तो प्रज्वल माझा सख्खा मावसभाऊ. आत्ता तो पुढच्या सीटवर बसलाय, मी मागे. गाडी बुलढाण्याच्या दिशेनं पळतेय. हात गप बसत नाहीत म्हणून मोबाईलवर हे लिहितोय. पटलं नाही तर सोडून द्या. मला सोडून देता येत नाही.

बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरणारा घाट लागतो, त्याच्या अलीकडे आत एक सेमिनरी आहे. पाळक, म्हणजे पाद्री, घडवणारं कॉलेज. नाव सांगत नाही. भोवती सागाची झाडं, मधे चॅपल, मागे मुलांचं होस्टेल. गेटवर निळ्या अक्षरांत लिहिलंय : प्रीती, सेवा, शिस्त.

जानेफळच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीनं प्रज्वलला यंदाच तिथं धाडलं होतं. बाप पुंजाजी शिलाईचं काम करतो. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता सांगायचा, "पोरगं पाळक होऊन राह्यलं माह्यं." कुणी विचारो, न विचारो.

तिथं शिक्षा नाही. शिक्षा हा शब्दच नाही. नियम मोडला की 'समुपदेशन सप्ताह' लागतो.

पोरं त्याला अबोला म्हणतात.

अबोला लागला त्यानं बोलायचं नाही. खूण नाही, चिठ्ठी नाही. त्याच्याशीही कुणी बोलायचं नाही. मेसमध्ये कोपऱ्यातलं टेबल त्याचं. जेवणाआधी प्रार्थना होते, सगळे 'आमेन' म्हणतात. त्यानं तेवढंही म्हणायचं नाही. रविवारी उपासनेत प्राचार्य त्याचं नाव घेतील, तेव्हाच तोंड उघडून आमेन म्हणायचं.

त्याआधी एक शब्द जरी गेला... तर नाव कापलं. सरळ घरी.

प्रज्वलची आई, माझी जनकामावशी, ईस्टरनंतर बुलढाण्याच्या दवाखान्यात भरती होती. यानं सुट्टी मागितली. मिळाली नाही. हा कंपाउंडवरून उडी मारून गेला, आईच्या डोक्यावर हात ठेवून परत आला.

वॉर्डन माणिकराव सर गेटवरच उभे होते.

"आईवर एवढी माया, आणि प्रभूवर?"

अबोला लागला.

त्याला राहायला जी खोली दिली, तिच्या दारावर 'समुपदेशन कक्ष' असं रंगवलेलं. आत एक खाट, आणि मेसच्या तांदळाची पोती. समुपदेशन करणारं कुणी नाही. दारावरचा रंग पातळ लागला होता. खालची जुनी अक्षरं अजून वाचता येत होती.

'आजारी खोली'.

यंदा अबोला लागलेला प्रज्वल पहिलाच. पहिल्या दिवशी मेसमध्ये प्रार्थना झाली. सगळे आमेन म्हणाले.

मग एक क्षण शांतता...

टक.

ताटावर चमचा वाजावा तसा आवाज. प्रज्वलच्या शेजारून. शेजारी कुणीच नव्हतं.

टक... टक.

त्यानं मान वर केली. अख्ख्या मेसनं माना खाली घातल्या होत्या. वरच्या वर्गातल्या पोरांचे घास हातातच थांबले होते.

सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि वरच्या वर्गात कुणालाच नवीन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नळावर वरच्या वर्गातला चंद्रशेखर शेजारी येऊन उभा राहिला. पोरं त्याला चंदू म्हणत. हाताला साबण लावता लावता, तोंड न हलवता बोलला.

"तू बोलू नको. फक्त आयक. त्या टेबलावर सागर बसे. माहा दोस्त. त्याले अबोला होता अन् पोटात दुखे. बोलता येत नव्हतं म्हनून ताटावर चमचा वाजवे. आमाले वाटलं भाजी मागून राह्यला. सर म्हने, नाटकं करते. त्याच खोलीत गेला बे तो. अपेंडिक्स फुटलं म्हने."

प्रज्वलनं नुसतं पाहिलं.

"वरडला काऊन नाही, हेच इचारतं ना?" चंदूनं नळ बंद केला. "त्याले पाळक व्हायचं होतं बे."

सागरच्या मयतीला प्राचार्य हिंमतराव सर म्हणे फार सुंदर बोलले होते. आज्ञाधारक लेकरू, म्हणाले. त्यानंतर नियम बदलला नाही. खोलीचं नाव तेवढं बदललं.

शनिवारची संध्याकाळ. सगळे चॅपलमध्ये गात होते. अबोल्यातल्याला गाण्यालाही बंदी. प्रज्वल खाटेवर बसला होता. खिडकीबाहेर ऊन सागाच्या शेंड्यावर गेलं होतं.

पाखरं गप झाली.

गाणं चालूच होतं, पण लांब लांब गेल्यासारखं...

टक.

पोत्यांच्या मागून.

टक... टक... टक.

आता घाई होती त्या आवाजाला. प्रज्वलनं कानांवर हात ठेवले. उद्या रविवार. एक रात्र काढायची, एक आमेन म्हणायचं, की सुटला. त्याला मापाची फीत गळ्यात घातलेला बाप दिसत होता.

पोत्यांमागची सावली वाकलेली होती. दोन्ही हात पोटाशी.

टक.

मग आवाज मंदावला. हात दमतो ना वाजवून वाजवून, तसा.

आणि प्रज्वलला वाटलं, याला दुसरं काही नकोय. एवढंच हवंय की कुणी तरी विचारावं.

"काय होते रे तुले?"

बोलून गेला. थेट, मोठ्यानं.

खोली थंड पडली. एप्रिलात...

आणि कोपऱ्यातून, फार दिवस न वापरलेल्या गळ्यातून, एक पोरसवदा आवाज आला :

"माय... पोट लय दुखते वं..."

दारात ताट पडलं. वरण उंबऱ्यावर सांडलं. शनिवारी रात्रीचं जेवण खोलीतच मिळे; ते घेऊन आलेले माणिकराव सर चौकटीला धरून उभे होते. चेहरा राखेसारखा. त्यांनी तो आवाज ओळखला होता.

"सर, आयकला ना तुमी? सागर होता ना?"

सरांनी बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

रविवारी भर उपासनेत हिंमतराव सरांनी विचारलं, "हा कुणाशी बोलला?"

माणिकराव सर म्हणाले, "कुणाशी नाही. एकटाच बडबडत होता."

तेव्हा मागच्या बाकावरून चंदू उभा राहिला.

"सर, कोनालेबी अबोला लागला का तो आवाज आमी सारे आयकतो."

"खाली बस."

"सागरले इचारलं असतं तर जगला असता, सर."

प्रज्वलचं नाव कापलं गेलं. आणि चंदूला अबोला लागला.

प्रज्वल घरी आला. मावशीही दवाखान्यातून आली होती. पुंजाजीकाका एक अक्षर बोलले नाहीत, नुसती मशीन चालवत राहिले. मशीनमध्ये कापड नव्हतं.

संध्याकाळी जेवायला बसले. प्रार्थना झाली. आमेन झालं.

टक.

प्रज्वलच्या हातातला घास पडला. तो सोबत आला होता.

पण आता समोर सेमिनरी नव्हती. आई होती.

"कोन हाये बाप्पा?" मावशीनं विचारलं. भ्याली नाही. "भूक लागली का? पोट दुखते का?"

तिनं एक ताट जास्तीचं वाढलं. शेजारी पेल्यात कोमट पाणी ठेवलं, ओवा घालून. कपाळाला पट्टी बांधलेली ती माउली चुलीकडे तोंड करून गुणगुणत राहिली :

"दिवा लावते दारात, कोन उपाशी पारखा,
नाव इचारू कशाले, माह्या लेकराच्यासारखा..."

सकाळी पेला रिकामा होता. ताटाला कुणाचा हात लागला नव्हता, तरी चमचा वाजायचा थांबला.

रोज असंच. वाढलं की आवाज शांत.

हे कळल्यावर मी काल जानेफळला आलो. आज संध्याकाळी त्यांच्यासोबत जेवायला बसलो. मावशीनं जास्तीचं ताट वाढलं. टक... आणि शांत.

मी सुटकेचा श्वास घेतला.

टक.

मावशीनं वर पाहिलं.

टक... टक. हा आवाज दुसरीकडून येत होता. रिकाम्या पाटावरून.

"दोघं हायेत," मावशी म्हणाली.

तिनं अजून एक ताट वाढलं. ओवा दिला. नाव विचारलं. चमचा थांबेना. वाजतच राहिला.

"गेलेलं लेकरू जेवून गप होते," ती हळूच म्हणाली. "हे गप होऊन नाही राह्यलं. हे अजून हाये, बाप्पा. कुठंतरी हाये."

प्रज्वल पांढरा पडला. "चंदू."

त्यानं वॉर्डनना फोन लावला.

"सर, चंदूले पाहा! आत्ता पाहा!"

"तो समुपदेशनात आहे. त्याच्याशी बोलता येत नाही."

"बोलू नका, सर. नुसतं दार उघडा."

फोन कट झाला. पुन्हा उचलला नाही. ॲम्ब्युलन्सला लावला. पेशंटला काय होतंय, त्यांनी विचारलं. काय सांगणार होतो आम्ही?

पुंजाजीकाकांनी शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं त्यांनी. "पाळक नाही झाला तरी चालते. पोरगं आन."

निघताना मावशीनं ते दुसरं ताट प्रज्वलच्या मांडीवर ठेवलं, चमच्यासकट.

"हे वाजते तोवर पोरगं हाये."

चिखली मागे पडली तेव्हा वाजत होता. बुलढाण्यात शिरलो तेव्हाही वाजत होता, जरा थांबून थांबून. ड्रायव्हरनं गाणी बंद केली. रस्ता खराब आहे म्हणून वाजतंय, असं आम्ही त्याला सांगितलं.

आता सागाची झाडं लागलीत. समोर ती निळी अक्षरं दिसतायत. चॅपलमधून रात्रीच्या उपासनेच्या गाण्याचा आवाज येतोय. सगळी पोरं एका सुरात गातायत.

प्रज्वल ताटाकडे बघतोय. मीही मागून बघतोय.

गेटसमोरचा रस्ता खड्ड्यांचा आहे. गाडी चांगलीच हादरतेय.

चमचा हलतोय...

पण वाजत नाहीये.