बोलावलेली माणसं

त्या दुपारी जंगूआजी अंबरपेठेहून ऑटोनं नल्लकुंट्याला गेली, ती निव्वळ गोष्ट सांगायला. आजी किनवटकडची कोलामीण. त्यांचं पोड, म्हणजे जंगलातली वस्ती, उठवलं तेव्हा लेकापाठोपाठ राज्याच्या सीमेपलीकडच्या या शहरात आली. पुण्याहून इथं आलेल्या मृण्मयीला तिच्या गोष्टींच्या ॲपसाठी 'अस्सल आदिवासी आवाज' हवा होता म्हणे.

तिच्या रेकॉर्डिंगच्या खोलीच्या खिडक्यांवर जाड रजया ठोकलेल्या. हॉर्न नाही, कावळा नाही. भिंतींवरच्या नव्या स्पंजाचा उग्र वास तेवढा.

"आजी, मी मध्ये हुंकार देणार नाही हं. माइकमध्ये येतो तो."

"मंग भिताडाले सांगू का गोष्ट?" आजी फणकारली. पण बसली.

तिच्या पोडाची रीत अशी, की पूर्वजांची गोष्ट धरली की आधी एकेकाला नावानं डोंगरावरून खाली बोलवायचं, अन् शेवटी एकेकाला वाट सांगत घरी पोचवायचं. बोलावलेलं माणूस मधेच उभं ठेवतं का कुणी? ठेवणाराही मग त्यांच्यातच अडकतो.

आजीनं डोळे मिटले. भीमा आला. देवकाई आली. गोवरात गेलेली पोरं आली. मृण्मयी ओठ आवळून बसलेली... तरी हुंकार येत होता. हूं... आधी एक. मग कोपऱ्यातून दुसरा. मोहाच्या फुलांचा वास दाटत गेला.

"बास! मस्त झालं, आजी. एवढंच घेऊ."

"एवढंच? अजून पोचवलं नाही म्या त्याइले!"

"शेवट कंटाळवाणा आहे हो. नुसती ओढ्यांची, झाडांची नावं. कोण ऐकणार?"

आजी ताडकन उठली. "पोड उठवणारे बी हेच म्हनत होते, नुसती झाडं हायेत म्हनून! नको तुझं यंत्र. मी अशीच पोचवते."

तिनं तोंड उघडलं. पहिला ओढा... नाव येईना. जन्मभर घोकलेली वाट, अन् तुटलेली गोष्ट काही केल्या जिभेवर बसेना. 

"गोष्ट मोडलीस तू. आता कुठं जातील ती?"

तेवढ्यात दाराजवळचा इंटरकॉम वाजला. खालचा वॉचमन होता.

"मेडम, तुमारे मेहमानां आए. जीना पूरा भर गया. घर किधर है, पूछ रैं."

"सांग," आजी मृण्मयीवर कडाडली. "सांग ना त्याइले घर!"

"कोण... कोण आहे खाली?" मृण्मयीनं कसंबसं विचारलं.

 पलीकडून वॉचमन अगदी हळू बोलला,

"मेडम... तुम तो यहाँच खड़े हैं, उन लोगां में. फिर ऊपर से कौन बात कर रा?"