महादेवीची झील

कोवळं ऊन सास्तूरच्या पत्र्यांवर चढत होतं. तारामतीने चुलीवरची शेवटची भाकरी उतरवली, सासूच्या, धुरपदाबाईंच्या, ताटलीत कुस्करून वर दूध घातलं आणि अंगणातल्या बाजेवर गोधडी अंथरली. राजेश्वरीने गोधडीवर आपला रेकॉर्डर मांडला. कडब्याने भरलेली बैलगाडी रस्त्याने गेली. गाडीचा खडखडाट विरेपर्यंत राजेश्वरी थांबली. मग उरल्या फक्त कोंबड्या आणि दूरवर कुणाच्या तरी विहिरीवरचा पंप. काम करण्याजोगी सकाळ होती.

राजेश्वरी धाराशिवच्या महाविद्यालयात मराठी शिकवायची आणि सुट्ट्यांत विस्मृतीत गेलेले गायक शोधून त्यांच्या गाण्यांचा ध्वनिसंग्रह तयार करायची. एके काळी तुळजापूरच्या बाजारात धुरपदाबाईंच्या देवीच्या आराधी गीतांची कॅसेट हातोहात खपली होती. आता ही म्हातारी गायची, हे शेजारच्या पोरांनाही ठाऊक नव्हतं. तिच्याकडे मेंढ्या राखणाऱ्या मेंढकीचं एक लांबलचक कथागीत होतं. ते कधी कॅसेटवर आलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

धुरपदाबाईंची अट एकच होती.

"महादेवीचं नाव लावा. मंग म्हन्ते."

महादेवी त्यांची झीलकरीण. ओळ संपता संपता मागून उचलून धरणारी. भूकंपात गेली.

"गळा तिचाच व्हता," धुरपदाबाई म्हणाल्या. "म्या फोटूत बरी दिसते म्हनून कंपनीवाल्यानं मला आत घेतलं. ती दिसभर भायेर पायरीवर. तिला च्या बी इचारला न्हाय मुडद्यानं."

"आजी, प्रस्तावनेत मी त्यांच्याबद्दल लिहीन. पण गायिका म्हणून नाव कसं लावू? त्यांचा आवाज कुठेच नाही."

"बग गं तारे. नाव लावाया बी पुरावा लागतुया."

"आत्याबाई, म्हना की आता. रुसायला तुमी काय नवी नवरी हाव?"

म्हातारी खुदकन हसली. "बरं. म्हन्ते. नावाचं ऐकून ठरवा."

साथीला संबळवाला उरला नव्हता. पण कॅसेटच्या शेवटी, जागा भरण्यासाठी, नुसता संबळ वाजत राहिला होता. तारामतीने टेपवर तेवढाच भाग लावला, आणि धुरपदाबाईंनी त्यावर सूर धरला. गाण्यात देवीचं हरवलेलं पैंजण शोधत मेंढकी तेरणेच्या काठाने निघाली. आवाज चिरका झाला होता, पण सुरातून ढळत नव्हता. पहिल्याच वळणावर त्या अडल्या. ओठ हलत राहिले, शब्द येईना.

संबळाखालून कुणीतरी हलकेच म्हणालं, 'डोहाला पुसते बाई...'

"डोहाला पुसते बाई, पैंजण पाहिलं का," धुरपदाबाई पुढे निघाल्या.

राजेश्वरीने तारामतीकडे पाहिलं. ती ज्वारी निवडत होती. तोंड मिटलेलं.

धुरपदाबाई पाणी प्यायला थांबल्या, तेव्हा राजेश्वरीने टेपला कान लावून तो भाग पुन्हा ऐकला. नुसता संबळ. जुन्या फितीवर एका थराचा आवाज कधी कधी दुसऱ्यावर उमटतो, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते पटलंही. फक्त म्हातारी कुठे अडणार, हे फितीला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. या खेपेला त्या भलत्याच ओळीवर अडल्या.

आवाज तिथेच आला.

"तुम्हाला ऐकू येतंय का?" राजेश्वरीने तारामतीला हळूच विचारलं.

"काय ते?"

"मागून कुणीतरी..."

"आत्याबाईला झील लागतीच म्याडम," तारामती सुपातले खडे वेचत म्हणाली. "त्याबिगर त्या म्हनत न्हाईत."

गाणं पुढे सरकलं. मेंढकी डोहात उतरली. पैंजण सापडलं. देवी हसली.

"झालं गं," धुरपदाबाई म्हणाल्या. राजेश्वरीकडे न पाहता. पोटभर जेवून उठलेल्या माणसाचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

तारामतीने टेप बंद करायला हात पुढे केला.

फीत केव्हाच संपली होती. बटण वर आलेलं होतं.

संबळ मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाजला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजेश्वरी महाविद्यालयातल्या आपल्या खोलीत हेडफोन लावून बसली. कोंबड्या ऐकू आल्या, पंप ऐकू आला. मग संबळ.

आणि एक भरदार, तरुण गळा. मेंढकीचं सबंध गाणं तो कुठेही न अडता गात होता.

त्याच्या मागे, प्रत्येक ओळीच्या टोकाशी, एक म्हातारा चिरका आवाज ती ओळ आनंदाने उचलून धरत होता.

तिने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग संगणकावर संग्रहाच्या नामावलीचं पान उघडलं. 'गायन'पुढे धुरपदाबाईंचं नाव तिने आधीच लिहून ठेवलं होतं. ते उचलून तिने खाली, 'झील'पुढे नेलं. वर महादेवीचं नाव लिहिलं.

हाताच्या सवयीने नावाआधी 'कै.' उमटलं होतं. तिने ते खोडलं, आणि पान छपाईला पाठवून दिलं.